कोकणातून कॉन्झर्व्हेशन शिकायला बाहेर जायचं असेल तर

गेल्या काही महिन्यांत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींनी मला एकच प्रश्न विचारलाय, ताई परदेशात निसर्ग संवर्धनात मास्टर्स करायचंय, कुठली युनिव्हर्सिटी चांगली? प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, कारण मला हा विषय खूप जवळचा आहे आणि आपल्या किनाऱ्यावरून अजून पुष्कळ जणांनी हे शिकावं असं मनापासून वाटतं.

पण आधी मी उलट विचारणार. तुम्हाला नक्की कशाचं उत्तर हवंय? कारण कॉन्झर्व्हेशन म्हटलं की डोळ्यासमोर वाघ येतो, कॅमेरा ट्रॅप येतो, आफ्रिकेतलं गवत येतं, आणि आपल्याकडचे खरे प्रश्न पूर्ण वेगळे आहेत. रत्नागिरीतल्या वेळासला कासवाची अंडी राखायची म्हणजे गावाशी बोलायचं असतं. मालवणला समुद्र राखायचा म्हणजे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटीतून मोठं घेराचं जाळं टाकणारे, यांच्या मधे उभं राहायचं असतं. सडा, म्हणजे आपलं कातळाचं पठार, राखायचा तर सातबारा वाचता यायला हवा. हे प्रश्न घेऊन गेलात तर बाहेरचं शिक्षण प्रचंड उपयोगाचं आहे, नुसतंच 'वाइल्डलाइफ आवडतं' म्हणून गेलात तर वर्ष कधी संपतं कळत नाही आणि हातात फक्त सर्टिफिकेट राहतं, असं झालेली मुलं मी इंग्लंडात शिकताना बघितलीत.

माझा प्रश्न जाळ्याचा होता. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात एक योजना आहे, जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्यासाठी फोटो वगैरे पुरावा द्यावा लागतो. आता आमच्या वाडीत ही योजना यायच्या आधीपासून कासव सोडणारी माणसं होती, देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव आहे ना, त्याला नमस्कार करून दर्यावर जाणारी माणसं ती. मग पैसे आल्यावर त्या सोडण्याचं काय होतं? ते वाढतं, की आधी जे आपसूक होत होतं त्याचा व्यवहार होऊन बसतो? मी स्थानिक संस्थेबरोबर काम करत होते तेव्हापासून हे डोक्यात होतं, आणि ते नीट तपासायची पद्धत मला येत नव्हती. त्यासाठी गेले.

जायच्या आधी शेजारचे काका म्हणालेले, "अगो चेडवा, मासे खंय गेले तां समजूक विलायतेक कित्याक जावूक होया? हय बंदरार बसान बघ." मी बंदरावर बसून बघतच होते आणि काकांचं म्हणणं अर्धं अगदी खरं आहे, म्हणूनच सांगते की पदवी झाल्या झाल्या जाऊ नका. दोनेक वर्षं इथे काम करा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये वेळासला कासवांचं काम सुरू केलं, आता किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत गावातलीच मुलं कासवमित्र म्हणून पहाटे किनारा चालतात, घरटं सापडलं की अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, हलवतात, आणि पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस वाट बघतात. वेंगुर्ल्यात स्वामिनी गटाच्या बायका कांदळवनात होडीने पर्यटकांना फिरवतात. अशा कुठल्याही कामात दोन सीझन घालवले की तुमचा अर्ज आपोआप वेगळा होतो. शिवाय ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग स्कॉलरशिपला निदान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतोच, ती अट आहे.

आता कोर्स. इंग्लंडात बहुतेक एमएस्सी एका वर्षाचे. केंट युनिव्हर्सिटीत ड्यूरेल इन्स्टिट्यूट आहे, १९८९ ची, तिथे माणूस आणि वन्यजीव या दोन्हींचा एकत्र विचार जुना आहे. ऑक्सफर्डचा बायोडायव्हर्सिटी, कॉन्झर्व्हेशन अँड नेचर रिकव्हरी (आधी त्याचं नाव बायोडायव्हर्सिटी, कॉन्झर्व्हेशन अँड मॅनेजमेंट होतं) हा भूगोल विभागात आहे, म्हणजे धोरण आणि समाज जास्त. केंब्रिजचा कॉन्झर्व्हेशन लीडरशिप हा आधी बरंच काम केलेल्यांसाठी आहे. एक्सेटर युनिव्हर्सिटीचा पेनरिन कॅम्पस कॉर्नवॉलमध्ये आहे, समुद्री कासवांवर काम करणाऱ्या मोठ्या गटांपैकी एक तिथे आहे. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला फॉरेस्ट अँड नेचर कॉन्झर्व्हेशन, दोन वर्षांचा. जर्मनीत ग्यॉटिंगनला इंटरनॅशनल नेचर कन्झर्व्हेशन आहे, तो न्यूझीलंडच्या लिंकन युनिव्हर्सिटीशी जोडलेला. कांदळवनात रस असेल तर इरास्मस मुंडसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या योजनेतला, ट्रोपिमुंडो कोर्स बघा, ब्रुसेल्सहून चालतो, आणि सागरी जीवांसाठी इम्ब्रसी, तो बेल्जियममधल्या घेंटहून. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला जेम्स कुक, प्रवाळ म्हटलं की तेच. रँकिंग काही सरकारी स्कॉलरशिपच्या अटीत असतं तेवढ्यापुरतं बघा, त्यापलीकडे तुमच्या प्रश्नावर काम करणारा माणूस तिथे आहे का हे शोधा, त्याचे पेपर वाचा आणि त्याला चार ओळींचा साधा ईमेल टाका. बरेच जण उत्तर देतात.

मी कॉर्नवॉल निवडलं आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते कोकण आहे. खरंच. कडे, खाड्या, छोटी बंदरं, पाऊस, मुंबईला जावं तसं लंडनला गेलेली तरुण मुलं. वर्गात जे शिकले त्याच्याइतकंच मी तिथल्या खाडीवर शिकले. फाल नदीच्या खाडीत कालवं काढतात, आणि कायद्याने तिथे कालवं काढताना इंजिन वापरता येत नाही, शिडाच्या होडीने नाहीतर हाताने वल्हवून, छोटी लोखंडी जाळी तळावरून ओढायची. एकोणिसाव्या शतकापासूनचा नियम आहे तो. कालव ठरलेल्या मापाच्या कडीतून आरपार गेलं तर लहान, परत पाण्यात. वारा नसला की काम बंद. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला पुढचे कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, कारण आमच्याकडे पारंपरिक मच्छीमार म्हटलं की मागासलेला, त्याला सुधारायचं, मोठं इंजिन द्यायचं, हीच भाषा मी ऐकत आलेय, आणि इथे एका श्रीमंत देशाने ठरवून, कायदा करून, हळू चालणारी पद्धत टिकवलीय कारण ती हळू आहे म्हणूनच कालवं उरलीत.

आणि दुसरी गोष्ट तिथलीच, ती दुःखाची. कॉर्नवॉलमध्ये आपल्या रापणीसारखीच किनाऱ्यावरून मोठं जाळं टाकून पिल्चर्ड धरायचे, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. कड्यावर एक माणूस उभा असायचा, पाण्याचा रंग बदलला, थवा दिसला की ओरडायचा, मग सगळं गाव धावत खाली. न्यूकीला त्या माणसाची दगडी खोली अजून उभी आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मासेमारी आटत गेली. आमच्याकडे पाण्याकडे बघून थवा ओळखणारी माणसं अजून जिवंत आहेत. रापणीची दोरी ओढायला येईल त्याला वाटा मिळतो हा नियम अजून चालतो. हे सगळं आपल्याकडे चालू असताना शिकता येतंय, हे मला तिथे जाऊन तीव्रतेने जाणवलं.

वर्गातही हेच नीट मांडायला शिकले. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये म्हटलं की सामाईक मालकीची गोष्ट शेवटी ओरबाडलीच जाते, म्हणून एकतर सरकारने ताबा घ्यावा नाहीतर खासगी करावी. एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरची गावं, कुरणं, मासेमारीच्या जागा, पाण्याचे पाट अभ्यासून दाखवलं की असं होतंच असं नाही, लोक स्वतः नियम करतात आणि पाळतात, फक्त हद्द स्पष्ट हवी, नियम स्थानिक हवे, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच हवे, वगैरे. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे वाचताना मालवणचं सागरी अभयारण्य आठवत होतं. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर जाहीर झालं आणि तेव्हापासून मच्छीमारांचा विरोध, कारण आपलं रोजचं पाणी जाणार ही भीती. त्याच्या शेजारी लाइम बे ठेवून बघा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिथे २००८ मध्ये ६० चौरस सागरी मैलांत तळ खरवडणारी जाळी बंद केली, पण पिंजरे लावणारे, गळ टाकणारे छोटे मच्छीमार आत राहिले. काही वर्षांत तळावरचे समुद्रपंखे (पंख्यासारखं वाढणारं प्रवाळ) आणि बाकीचे जीव परत यायला लागल्याचं संशोधकांनी नोंदवलं. म्हणजे 'कोण बाहेर' यापेक्षा 'कुठलं जाळं बाहेर' हा प्रश्न विचारला. आपल्याकडे राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडी लाइटच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, कागदावर दिशा तीच आहे, अंमलबजावणीसाठी मात्र आमच्या लोकांना दर वर्षी आंदोलनं करावी लागतात आणि याचा मला खूप राग येतो.

जमिनीचं सांगते. कोकणातलं जंगल बहुतेक खासगी आहे, रत्नागिरीत तर सरकारी वन अगदीच थोडं, त्यामुळे अभयारण्य जाहीर करा हे उत्तर इथे फारसं चालत नाही. सडा म्हणजे महसुली कागदावर पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन. पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात, डबक्यांत जे बेडूक असतात, कातळशिल्पं आहेत, जी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, ते सगळं कागदावर शून्य. आणि सातबाऱ्यावर एकाच कुटुंबाची ढीगभर नावं, अर्धी मुंबईत, काही वारलेली, त्यामुळे राखायचं ठरवणं कठीण आणि तरी एखादा दलाल सगळ्यांच्या सह्या गोळा करून आणतोच. तिकडे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था आहे, १८९५ ची. १९६५ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी काढून किनारा विकत घ्यायची मोहीम सुरू केली आणि १९०७ च्या कायद्याने त्यांना अशी सोय आहे की एकदा जमीन कायमची राखीव ठरवली की संसदेच्या मंजुरीशिवाय ती कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ शकत नाही. कॉर्नवॉलचे कितीतरी कडे आज त्यामुळे मोकळे आहेत. हे जसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही, आणि तिथेही सगळं छान नाही, बाहेरच्यांनी सुट्टीतली घरं घेतल्याने गावातल्या मुलांना घर परवडत नाही, इतकं की सेंट आयव्हजच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून नवीन घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच असा नियम करून घेतला. दापोली-गुहागरकडे हल्ली जे बंगल्यांचे प्लॉट पडतायत ते बघून मला सारखं ते आठवतं. आपल्याकडे देवराई आहे, गावऱ्हाटी, म्हणजे गावाची परंपरेने चालत आलेली व्यवस्था, आहे, गावाच्या शब्दाला अजून वजन आहे, त्यातून कायद्यात बसणारं काय उभं करता येईल यावर कोकणातल्याच कुणीतरी थिसिस करायला हवा. मी वाट बघतेय.

थिसिसवरून एक अतिशय कामाची गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. इंग्लंडचा एक वर्षाचा कोर्स सप्टेंबरला सुरू होतो आणि फील्डवर्क येतं साधारण मे ते जुलै. म्हणजे आपला पावसाळा. कासवांच्या विणीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, तेव्हा तुम्ही तिकडे वर्गात बसलेले असता आणि दुपारी साडेचारला अंधार पडलेला असतो. त्यामुळे कासवाचं घरटं, वाळूचं तापमान (ज्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं) असलं काही करायचं असेल तर दोन वर्षांचा कोर्स घ्या. माणसांशी बोलायचं काम असेल तर मात्र पावसाळा उत्तम, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, माणसं घरात जाळी विणत बसलेली, तासन्तास बोलतात. मी तेच केलं. आणि युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीला, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला, आधीच सांगा की आमच्याकडे कागदावर सही मागितली की माणूस गप्प होतो, जमिनीच्या व्यवहारात सह्यांनी फसलेली माणसं आहेत ती, म्हणून तोंडी संमती चालेल असं मंजूर करून घ्या. मिळते मंजुरी, नीट कारण लिहिलं की.

मुलाखतींतून जाळ्याच्या भरपाईबद्दल मला एवढं कळलं की पैशाने कुणाची श्रद्धा विकत घेतली गेलेली नाही, पण रात्री, हलत्या होडीत, ओल्या हाताने फोटो काढायचा आणि मग कागद घेऊन फिरायचं याचा लोकांना कंटाळा आहे, आणि बरेच जण अर्ज न करताच सोडून देतात. एका तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) सांगितलं, "आमी सोडताव तां देवासाठी, पण जाळां तर कर्जाचां असता मां." याच्यापेक्षा स्पष्ट निष्कर्ष मला लिहिता आला नसता.

तो थिसिस मी मराठीत चार पानांत लिहून वाडीत वाचून दाखवला. हे तुम्हीही कराच. कारण आमच्या किनाऱ्यावर बाहेरचे संशोधक येऊन माहिती घेऊन गेलेत आणि परत कधी फिरकले नाहीत असं लोक वारंवार सांगतात. श्रीलंकेच्या आशा डी व्होस, देवमाशांवर काम करणाऱ्या, यावर जगभर बोलतात, पॅराशूटने उतरून सायन्स करायचं आणि उडून जायचं. आपण तर इथलेच, आपल्याकडून हे होता कामा नये.

पैसे. हा भाग लपवून उपयोग नाही. इंग्लंडात फी साधारण २५ ते ३५ हजार पौंड, वर राहणं-खाणं, वर व्हिसाबरोबर आरोग्याचे वर्षाला ७७६ पौंड, आणि राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. हापूसची कलमं गहाण टाकून जाऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते, कारण या क्षेत्रात परत आल्यावर पगार लहान असतात आणि तिकडे नोकरी मिळणं अवघड. पूर्ण स्कॉलरशिप मिळेपर्यंत थांबा, एक वर्ष गेलं तर जाऊ दे. चेवनिंग सगळा खर्च देते आणि नंतर दोन वर्षं देशात परत यावं लागतं, आपल्याला तर तेच हवंय. कॉमनवेल्थ आहे, इनलॅक्स आहे, इरास्मस मुंडसमध्ये फी माफ आणि महिन्याला १४०० युरो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ स्कॉलरशिप देतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बाकी प्रवर्गांसाठीही योजना आहेत, आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाची सागरी विषयांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे जी आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना माहीतच नसते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही, पण वर्षाचे साधारण १२ हजार युरो आधी ब्लॉक खात्यात, म्हणजे जिथून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागतात.

इंग्रजीचं म्हणाल तर माझं बारावीपर्यंतचं शिक्षण गावात, घरात मालवणी. आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, सरावाने होते. तिकडे खरी अडचण बोलण्याची नसते, लिहिण्याची असते, म्हणजे एखादा पेपर वाचून त्यात काय कच्चं आहे ते मांडायचं. ते आत्तापासून मराठीत करायला लागा, विचार तोच असतो. आणि आकडेवारीसाठीचं आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नकाशांसाठीचं क्यूजीआयएसही फुकट आहे, जायच्या आधी जेवढं येईल तेवढं शिकून घ्या, तिथे पहिल्याच महिन्यात ते अंगावर येतं.

बाहेर जायलाच हवं का, तर नाही. डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा एमएस्सी आणि बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा वाइल्डलाइफ बायोलॉजीचा कोर्स, फील्डवर्कच्या बाबतीत मी बघितलेल्या परदेशी कोर्सेसपेक्षा कडक आहेत. पुण्याला गरवारेत बायोडायव्हर्सिटीत एमएस्सी करता येतं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डहून पीएचडी करून १९७१ मध्ये परत आले आणि पुढचं सगळं काम इथल्या देवरायांत, इथल्या लोकांत केलं, पश्चिम घाटावरच्या २०११ च्या त्यांच्या समितीच्या अहवालात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाणींचा वेगळा विचार आहे. आपल्या जिल्ह्याबद्दलचा तो भाग तरी अर्ज करायच्या आधी वाचाच.

चेवनिंगचे अर्ज ऑगस्टच्या आसपास उघडतात आणि ऑक्टोबरला बंद होतात, इरास्मसचे बरेचसे कोर्स ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे गणपतीच्या आधी शिफारसपत्रं देणाऱ्या सरांना-मॅडमना सांगून ठेवा, चतुर्थीत कुणी सापडत नाही. निबंधाचा पहिला मसुदा मराठीत लिहिलेला असेल तरी मला पाठवा, मी वाचून कळवेन, आणि रायगडच्या मुलांनीसुद्धा पाठवा, आत्तापर्यंत तिकडून एकही आलेला नाही.